भिंतीची परीक्षा कोण घेणार?

भाड्याची खोली बघायला जाताना आपण सगळे एकच तयारी करतो. आडनाव विचारलं तर काय सांगायचं, गाव कोणतं सांगायचं, वडील काय करतात याला काय उत्तर द्यायचं, मटण-मासे खाता का म्हटलं तर विषय कसा बदलायचा. बसमध्ये, रिक्षात, जिना चढताना ही उत्तरं मनात घोळत असतात. डोकं त्यात इतकं अडकलेलं असतं की छताकडे बघायचं राहूनच जातं. मालक ‘हो’ म्हणाला की आपण हुश्श करतो, डिपॉझिट देतो, वर दोनदा ‘थँक्यू’ म्हणतो. पलंग कुठल्या भिंतीला लावायचा नाही, हे मग पहिल्या पावसात कळतं.

मला म्हणायचं आहे ते एवढंच. ज्या इमारतीला स्वतः कुठल्याही परीक्षेत पास होता येणार नाही, ती आपली परीक्षा घ्यायला बसलेली असते, आणि आपण ती मुकाट्याने देतो. हे थांबायला हवं. जुन्या छोट्या इमारतीत खोली घेण्यापूर्वी काय तपासावं याच्या याद्या पुष्कळ मिळतात. ओल बघा, वायरिंग बघा, पाणी बघा. याद्या चांगल्याच असतात. पण खोली नाकारण्याची ताकद बघायला आलेल्या माणसाकडे आहे, हे त्या लिहिणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं. दहा खोल्या बघून एक निवडणाऱ्याला ओल दिसते आणि तो भाडं कमी करून मागतो. दहा ठिकाणी नकार घेऊन अकराव्या दारात उभ्या असलेल्यालाही ओल दिसते, पण तो बोलत नाही.

सध्या मी संशोधनाच्या कामासाठी बगरूला येऊन-जाऊन असते. जयपूरहून अजमेरच्या रस्त्याला साधारण तीस किलोमीटरवर हे गाव. ठशांच्या छपाईसाठी प्रसिद्ध. माती, चुना, डिंक आणि गव्हाचा भुसा यांच्या लगद्याला इथे दाबू म्हणतात. तो ठशाने कापडावर लावायचा आणि कापड निळीत बुडवायचं. जिथे चिखल तिथे रंग चढत नाही. काळा रंग गंजकं लोखंड आणि गूळ आंबवून करतात. पिढ्यान्‌पिढ्या हे काम करणारा छिपा समाज संत नामदेवांना आपलं मानतो, कित्येक जण नावापुढे ‘नामदेव’च लावतात. त्यामुळे ‘महाराष्ट्र से हूँ’ म्हटलं की चहा मिळतो. गावाला लागून रीकोची औद्योगिक वसाहत आहे, बाहेरून आलेले लोक कामाला आहेत, म्हणून जुन्या घरांचे भाग पाडून खोल्या भाड्याने देण्याचा धंदाही चालतो. आणि बगरू विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. इथला आमदार राखीव जागेवरून निवडून जातो. खोलीचं मात्र तसं काही नाही.

मी बघितलेली इमारत दोन मजली, जुनी, चार बिऱ्हाडांची. मालकाची जात इथे सांगत नाही, कारण ती सांगितली की बाकीच्या जाती सुटतात.

‘नाम?’ नाव सांगितलं. ‘पूरा नाम?’ आडनाव सांगितलं. पुण्यात माझं आडनाव ऐकलं की पुढचं काही विचारावं लागत नाही. समोरच्याचं गणित मनातल्या मनात होतं. बगरूत त्या आडनावावरून काहीच कळत नाही, म्हणून तेच गणित तोंडाने करावं लागतं. ‘मराठा हो?’ महाराष्ट्रातून आलेला प्रत्येक जण इथे आधी मराठा असतो. मी म्हटलं, बौद्ध. ‘मतलब, जैन जैसे?’ मी म्हटलं, नाही, बाबासाहेब आंबेडकरांचे बौद्ध. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग शाकाहाराचा प्रश्न आला, लग्नाचा आला, रात्री किती वाजता परतणार याचा आला, भेटायला कोण कोण येणार याचाही आला.

मग माझी पाळी. मी वर बघितलं. राजस्थानात जुन्या घरांचं छत पुष्कळदा दगडी पट्ट्यांचं असतं. लोखंडी गर्डरवर शेजारी शेजारी टाकलेल्या लांब दगडी फळ्या आणि वर थर. सिमेंटचा स्लॅब खराब होताना आधी तडे देतो, पोपडे पाडतो, आतले गज गंजून बाहेर दिसू लागतात. दगडाला ती सवय नाही. पट्टीला आडवी चीर गेली की ती फारशी वाकत नाही, इशारा देत नाही, तुटते ती एकदम. या खोलीतल्या एका पट्टीवर अशी चीर होती आणि तिच्यावर पांढऱ्या सिमेंटचा पट्टा ओढलेला होता. गर्डर भिंतीत शिरतो तिथे गंजाचे पापुद्रे सुटले होते. जमिनीपासून कमरेपर्यंत भिंतीला लोणा लागलेला, हात फिरवला की पांढरी खारट पूड हाताला येत होती. मीटर चारही बिऱ्हाडांत एकच. बोर्डात तिसऱ्या, म्हणजे अर्थिंगच्या, वायरचा पत्ता नाही.

मी विचारलं, छत कधीचं आहे? वरचा मजला मागाहून चढवलाय का? अर्थिंग का नाही? मालक म्हणाला, ‘मैडम, किराये पे लेना है या खरीदना है?’ शेवटी विचारलं, संडासाची टाकी भरली की ती कोण उपसतं? ‘बुला लेते हैं किसी को.’ गाडी येते का माणूस उतरतो? त्याला हा प्रश्नच कळला नाही, किंवा नीट कळला. २०१३ च्या कायद्याने माणसाला अशा टाकीत उतरवून ती साफ करून घेणं गुन्हा आहे. पण ज्या समाजाच्या माणसाला टाकीत उतरवायला हरकत नाही, त्याच समाजाच्या माणसाला खोली द्यायला हरकत आहे, एवढं गणित त्या घरात पक्कं होतं.

दोन दिवसांनी फोन आला. गावाकडून भाऊ येतोय, खोली आता द्यायची नाही. गावाकडून येणारा हा भाऊ भारतभर राहतो. पुण्यात, हैदराबादेत, दिल्लीत, सगळीकडे तो नेमका आपण खोली बघून गेल्यावर येतो.

हे ऐकून आपलेच काही मित्र म्हणतील, सुटलीस, असल्या घरात राहून काय करणार होतीस? प्रश्न बरोबर आहे, पण अर्धा आहे. ती खोली रिकामी राहणार नाही. माझ्याहून जास्त अडलेलं कुणीतरी ती घेईल आणि पट्टीचं नाव काढणार नाही. ओल, गंज, तडे या गोष्टींना आपण बांधकामाचे दोष म्हणतो. भाड्याच्या बाजारात त्या जातीच्या दोषांवर पोसल्या जातात. ज्या भाडेकरूला शेजारच्या चार घरांत दार उघडणार नाही, तो छत गळलं म्हणून घर सोडून जाणार नाही, हे मालकाला पक्कं माहीत असतं. मग त्याने छत कशासाठी दुरुस्त करायचं? जात आपल्याला खोली नाकारते, आणि जिथे नाकारत नाही तिथे वाईट खोलीचं पूर्ण भाडं वसूल करते.

हा माझ्या मनाचा खेळ नाही. २०१५ साली सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांतल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त प्रसिद्ध केला. सवर्ण, दलित आणि मुस्लिम अशा घर शोधणाऱ्यांना मिळणारी वागणूक त्यात ताडून पाहिली होती. सवर्णांना दार उघडं होतं. दलितांना नकार होते किंवा जास्तीच्या अटी होत्या. मुस्लिमांची अवस्था त्याहून वाईट होती. देशाच्या राजधानीत, शिकलेल्या लोकांच्या वस्त्यांत.

आता हाच धागा महाराष्ट्रात ओढून बघा. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतले हजारो मुस्लिम मुंब्र्याकडे सरकले, कारण इतर ठिकाणी त्यांना घर मिळेना. माणसं वाढली, जागा तेवढीच राहिली, आणि बेकायदा इमारती उभ्या राहिल्या. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळफाट्याला अशीच एक इमारत बांधत असतानाच कोसळली. ७४ माणसं गेली. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे यंत्रमागांच्या भिवंडीत जिलानी इमारत पडली. तीसहून अधिक माणसं झोपेत गेली. त्याच्या महिनाभर आधी, २४ ऑगस्टला, महाडची तारिक गार्डन पडली, १६ गेले. ती इमारत दहा वर्षांचीही नव्हती, म्हणजे ‘नवीन आहे, काळजी नको’ हेही खरं धरू नका. प्रत्येक वेळी बिल्डर, नगरपालिका, वाळू, सिमेंट यांची चौकशी होते, आणि व्हायलाच हवी. पण त्या इमारतीत राहणाऱ्याला चांगल्या इमारतीत कुणी घेतलं असतं का, हा प्रश्न कुठल्याही चौकशीत नसतो.

आपल्याला आयुष्यभर ‘मेरिट’ ऐकवलं गेलं. प्रवेशाच्या वेळी, फेलोशिपच्या वेळी, मुलाखतीच्या वेळी. मग इमारतीचं मेरिट कुणी विचारायचं? मुंबई महानगरपालिकेच्या कायद्यातलं कलम ३५३ब सांगतं की तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट झालं पाहिजे. किती मालक तो कागद भाडेकरूला दाखवतात? आपल्याकडून आधार कार्ड, पॅन कार्ड, कॉलेजचं पत्र, पोलीस व्हेरिफिकेशन, वडिलांचा फोन नंबर, सगळं घेतलं जातं. देणारा मात्र एकही कागद देत नाही. कुठल्या जातीच्या छताला तडा जात नाही, तेवढं एकदा त्यांनी सांगावं.

‘घर माझं आहे, कुणाला द्यायचं ते मी ठरवीन,’ हे नेहमीचं उत्तर. आणि कायदा बऱ्याच अंशी त्याच बाजूला उभा आहे. राज्यघटनेचं कलम १५(२) दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव, घाट, रस्ते यांची नावं घेतं. भाड्याच्या घराचं नाव त्यात नाही. २००५ साली अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सदस्यत्व एकाच समाजापुरतं ठेवण्याचा नियम मान्य केला. २०२१ च्या केंद्राच्या आदर्श भाडेकरू कायद्यात डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नसावं असं आहे, बांधकामाची दुरुस्ती, पाइप आणि वायरिंग मालकाकडे, नळाचे वॉशर आणि दाराची कडी भाडेकरूकडे, इतकी बारीक वाटणी आहे. ज्यांना वॉशर आठवला त्यांना जात आठवली नाही. अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनानंतर आठवड्याभरात, ११ एप्रिल १९६८ रोजी, घर देताना वंशभेद करण्यावर बंदी घालणारा कायदा झाला. ब्रिटननेही त्याच वर्षी तो केला. त्या देशांतला भेदभाव कायद्याने संपला असं मी म्हणत नाही. पण तिथे नाकारलेल्या माणसाला निदान कुणाकडे तरी तक्रार घेऊन जाता येतं. आपल्याकडे गावाहून भाऊ येतो.

आणि घर देणं हा जर धंदा असेल, तर तो धंद्यासारखा चालला पाहिजे. रस्ता, पाणी, वीज, ड्रेनेज सगळं सार्वजनिक पैशातून येतं. ते घेताना मालक नागरिक असतो, आणि खोली देताना अचानक जातीचा रखवालदार होतो.

दुसरा सल्ला आपल्याच माणसांकडून येतो: मागायला जायचंच कशाला, आपलं घर बांधा, आपल्या वस्तीत राहा. ही भावना मला समजते. पण जो मुलगा घरातला पहिला पदवीधर आहे, फेलोशिप सहा-सहा महिने अडकलेली आहे, विद्यापीठ घरापासून हजार किलोमीटरवर आहे, त्याला घर बांधायला सांगणं ही थट्टा आहे. आणि शहरातलं ग्रंथालय, नोकरी, दवाखाना जिथे आहे तिथून आपण आपणहून मागे सरकलो, तर गावकुसाबाहेरची वस्ती आपणच शहरात बांधून देऊ.

हा प्रश्न आजचा नाही. १९१७ साली बडोद्याला नोकरीसाठी आलेल्या बाबासाहेबांचं वय २६ होतं, म्हणजे माझ्याहून कमी. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या त्या माणसाला अख्ख्या शहरात खोली मिळेना. पारशी नाव घेऊन पारशी सराईत राहावं लागलं. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी त्या जागेचं वर्णन केलं आहे: मोडक्या सामानाने भरलेला मोठा दालनभर अंधार, विजेचा दिवा नाही, वटवाघळं, आणि दिवसाला दीड रुपया भाडं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि तेही गेलं. आपण ही गोष्ट अपमानाची म्हणून वाचतो. ती निवाऱ्याची म्हणूनही वाचायला हवी. त्या एकटेपणाच्या जोडीला बाबासाहेबांनी अंधार, अडगळ आणि भाडंही नोंदवून ठेवलं आहे. म्हणजे खोली किती वाईट होती आणि तिचे किती पैसे घेतले, हा त्या अन्यायाचाच भाग होता.

आणि बगरूत ज्यांच्या नावाने मला चहा मिळतो त्या नामदेवांच्या काळातली दुसरी गोष्ट. परंपरा सांगते की चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर होते, ती भिंत कोसळली आणि ते तिच्याखाली गेले. साल १३३८. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या आणि विठ्ठलाच्या देवळाबाहेर समाधी झाली. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं, गावकूस पडलं ते त्यांच्याच अंगावर. भिंत तपासण्याचा हक्क बांधणाऱ्याला नव्हता आणि आत राहण्याचाही नव्हता. सहाशे-सातशे वर्षांनी आपल्याला निदान पहिला हक्क वापरायला काय हरकत आहे?

तर आता कामाचं. खोली बघायला दिवसा जा, शक्य तर पाऊस पडून गेल्यावर जा, आणि एकटे जाऊ नका. खिडकीच्या आणि दाराच्या कोपऱ्यातून तिरपा जाणारा, एका टोकाला रुंद होत गेलेला तडा दिसला तर तोच तडा भिंतीच्या दुसऱ्या बाजूला आहे का बघा. असेल तर प्रश्न गिलाव्याचा नाही, पायाचा आहे. गिलाव्यावरच्या केसासारख्या रेषांना घाबरू नका. भिंतीचा एकच तुकडा ताजा रंगवलेला असेल तर तिथेच जास्त बघा. वरचा मजला नंतर चढवला आहे का, ते शेजाऱ्याला विचारा. मालकापेक्षा तो खरं सांगतो. जिना एकच असेल आणि त्याखाली सिलिंडर ठेवलेले असतील तर ते हलवायला सांगा. मीटर वेगळा मागा. टाकी कोण उपसतं हे विचाराच. उत्तर काहीही येवो, आपण विचारलं हे त्या घराला कळलं पाहिजे.

करार लेखी मागा. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ करार लेखी आणि नोंदणीकृत असावा असं सांगतं आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकतं. तो नोंदवलेला नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. कलम १४ दुरुस्तीचं कर्तव्य मालकावर ठेवतं, कलम २९ पाणी-वीज तोडायला मनाई करतं. खोलीचे फोटो पहिल्याच दिवशी काढून मालकाला पाठवून ठेवा, म्हणजे जुना तडा तुमच्या डिपॉझिटमधून कापला जाणार नाही.

आणि हे एकट्याने करून भागणार नाही. आपल्या प्रत्येक विद्यार्थी संघटनेने, प्रत्येक वसतिगृहाच्या व्हॉट्सॲप ग्रुपने खोल्यांची एक वही ठेवावी. कुठल्या गल्लीत काय भाडं, छत कसं, पाणी किती वेळ, आणि मालकाने काय काय विचारलं. वरून नवीन बॅच आली की ती वही तिच्या हातात द्यावी. आपल्या आधीच्या पिढीने आपल्याला फॉर्म कसा भरायचा, सर्टिफिकेट कुठून काढायचं हे असंच हातोहात शिकवलं. उद्या भाड्याच्या घरातल्या भेदभावाविरुद्ध कायदा मागायला उभं राहायचं असेल तर हीच वही पुरावा म्हणून लागेल.

खोली मिळणं हा उपकार नाही, व्यवहार आहे. आपण महिन्याच्या महिन्याला त्याची किंमत मोजतो. पुढच्या वेळी जाताना खिशात एक नाणं ठेवा. मालक आडनाव विचारायला लागला की सांगा, निर्धास्त सांगा, आणि सांगता सांगता ते नाणं भिंतीवर वाजवत चला. भरीव भिंत टणक वाजते. जिथे आवाज पोकळ येईल तिथे थांबा आणि त्याला विचारा, हे कधी दुरुस्त करणार?

जय भीम.